परवान्यावांचून शुश्रूषा : खानदेशांतील सुईण आणि नोंदणीचे कायदे

जुन्या घराण्यांतील बाडें तपासणाऱ्या संग्राहकांस एक अनुभव सर्वत्र येतो. अभंग, हिशेब, पंचांगाचीं टिपणें आणि वंशावळी यांच्या मधोमध एखाद्या पानावर बाळंतकाढ्याचें साहित्य, तान्ह्या मुलाची घुटी, ‘दूध येत नसल्यास’ करावयाचा उपाय, किंवा तापकऱ्यास द्यावयाच्या पेजेचें प्रमाण मोडींत लिहिलेलें सांपडतें. लिहिणारा बहुधा घरचा कारकुनी हात असतो. तें करणारा हात मात्र दुसऱ्या कोणाचा, आणि बहुतेक वेळां स्त्रीचा असतो. तिचें नांव त्या पानावर नसतें. अशा पानाची सूचींत नोंद करतांना हल्लीं एक प्रश्न हटकून विचारला जातो. ही स्त्री ‘वैद्यकी’ करीत होती काय? तिला तशी परवानगी होती काय? आणि नसल्यास तिचें कृत्य त्या काळच्या कायद्याच्या बाहेरचें समजावें काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु एका काळचा शब्द दुसऱ्या काळावर लादल्यानें त्यांत पुष्कळ घोटाळा झालेला आहे. धुळें, जळगांव व नंदुरबार या जिल्ह्यांचा, म्हणजे जुन्या खानदेशाचा, संदर्भ मुख्यतः समोर ठेवून त्याचा उलगडा करण्याचा येथें विचार आहे.

प्रथम शब्द पाहूं. ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून झाला आहे. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचें ऐकावें, त्याच्या जवळ राहावें, त्याची सेवा करावी, या क्रमानें तो सेवेपर्यंत व पुढें रुग्णसेवेपर्यंत आला. ‘परिचारक’ म्हणजे भोंवतीं वावरणारा. दोन्ही शब्दांत औषध देण्याचा अर्थ नाहीं. जवळ असण्याचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या ठिकाणीं चार गुण अपेक्षिले आहेत : सेवेचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं प्रेम आणि शुचिता. सुश्रुत शारीरस्थानांत बाळंतिणीजवळ चार स्त्रिया असाव्यात असें सांगतो. त्या विश्वासू, वयानें पोक्त, प्रसूतिकर्मांत कुशल आणि नखें कापलेल्या असाव्यात. नखें कापण्याची ही अट आमच्या मतें फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुढें पुन्हां वळावें लागेल. पात्रतेची कल्पना आपल्याकडे नव्हती असें जें कधीं कधीं लिहिलें जातें, तें यावरून खरें दिसत नाहीं. पात्रता होती, ती राजाच्या दफ्तरांत नोंदवीत नसत, इतकेंच.

मग राजाचा संबंध कोठें येई? तो चूक झाल्यावर येई. याज्ञवल्क्यस्मृतींत खोटा उपचार करणाऱ्या वैद्यास दंड सांगितला असून तो पशु, मनुष्य व राजपुरुष यांच्या बाबतींत चढत्या क्रमानें आहे. कौटिल्याच्या कंटकशोधनांत जिवावरच्या दुखण्यांत वरिष्ठांस कळविल्याशिवाय उपचार आरंभणाऱ्या वैद्यास, रोगी दगावल्यास, दंड आहे. येथें कळविणें आहे, पण आगाऊ परवाना नाहीं. आणि दोन्हीकडे दंड वैद्याला आहे, परिचारकाला नाहीं. त्याच अर्थशास्त्रांत सैन्याच्या मागें शस्त्रें, औषधें व पट्ट्या घेतलेले वैद्य आणि अन्नपाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या स्त्रिया उभ्या कराव्यात असें सांगितलें आहे. त्या स्त्रियांच्या पात्रतेविषयीं तेथें शब्दही नाहीं.

पेशवाईंत वैद्य-हकिमांस जमिनी व नेमणुका मिळत. न्यायमूर्ति रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिश्यांवरील आपल्या निबंधांत मोफत औषध देणाऱ्या वैद्यांस दिलेल्या देणग्यांचा निर्देश केलेला आहे. सनदांच्या संग्राहकांनीं येथें एक भेद लक्षांत ठेवावा. अशी सनद उत्पन्न देते. धंदा करण्याचा अधिकार देत नाहीं. सनद नसलेल्या वैद्यास गांवांत औषध देण्यास कोणी मनाई करीत नसे. म्हणून अशा कागदास सूचींत ‘वैद्यकीचा परवाना’ असें नांव देणें चुकीचें आहे. ‘वैद्यास इनाम’ असें साधें लिहावें.

आतां सुईणीकडे येऊं. खानदेशांत, तापीच्या दोन्ही तीरांवरील गांवांत, बाळंतपण हें घरचें काम होतें. पहिलें बहुधा माहेरीं. वेणा सुरू झाल्या कीं सुईणीस बोलावणें जाई. मूल सोडविणें, नाळ कापणें, वार पुरणें, बाळंतिणीस व मुलास न्हाऊं घालणें, अंग चोळणें, बाजेखालीं शेगडी ठेवून शेक-धुरी देणें, पोट बांधणें, हें तिचें काम. पांचवी-सहावीच्या पूजेपर्यंत, कोठें बाराव्या दिवसापर्यंत, तिचें येणेंजाणें असे. न्हावी, सुतार, लोहार हे गांवचे बलुतेदार. त्यांस खळ्यावर ठरलेला वांटा मिळे. सुईणीचें तसें नव्हतें. तिला प्रत्येक प्रसंगीं मिळे : धान्य, खण, ऐपतीप्रमाणें लुगडें, मुलगा झाल्यास कांहीं अधिक. महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं सुईण मांग समाजाची असे, कोठें न्हाव्याच्या घरची. ज्या बाईच्या सावलीचाही एरव्ही विटाळ मानीत, तिच्याच हातीं घरांत जन्मणारें मूल प्रथम पडत असे. आणि विधि आटोपल्यावर ती पुन्हां उंबऱ्याबाहेर जाई. तिचें नांव बाडांत कां नाहीं, याचें उत्तर बहुतांशीं येथेंच आहे. सातपुड्यांतील भिल्ल व पावरा वस्त्यांत वडीलधाऱ्या बायका हें काम करीत, आणि दुखण्यास भगत असे. तेथें लेखन नव्हतेंच; त्यामुळें त्या बाजूचा पुरावा बाडांत शोधणें व्यर्थ होय.

सुईणीच्या ज्ञानाचा गौरव करतांना दुसरी बाजू झांकून ठेवणें इतिहासास शोभणार नाहीं. नाळ विळ्यानें, कातीनें किंवा हातास येईल त्या पात्यानें कापीत; जखमेवर राख अगर शेण लावण्याची चालही अनेक ठिकाणीं होती. धनुर्वाताचे जंतु मातींत व शेणांत बीजरूपानें दीर्घकाळ टिकतात. नाळेच्या जखमेंतून ते शिरले म्हणजे मूल पहिल्या आठवड्याच्या सुमारास दूध ओढीनासें होतें, जबडा आवळतो, अंग ताठतें आणि तें दगावतें. घरचे लोक हा कोप सटवीचा समजत. सटवीच्या पूजेचा दिवस व या दुखण्याचा काळ किती जवळजवळ येतात हें पाहण्यासारखें आहे. सुश्रुताची नखें कापण्याची अट कोणत्या अनुभवांतून आली असावी, याचा तर्क वाचकांनींच करावा. मातेस लस, स्वच्छ पातें आणि स्वच्छ हात या तीन गोष्टींनीं हें दुखणें मागें हटलें. २०१५ सालीं माता व नवजात यांच्या धनुर्वाताचें भारतांतून उच्चाटन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. नोंदणीचे कायदे केवळ डॉक्टर मंडळींच्या मत्सरांतून निघाले, हें मत म्हणूनच एकांगी आहे. त्यांच्या मागें दगावलेलीं मुलें आहेत.

कायद्यांचें मूळ इंग्लंडांत आहे. १९०२ च्या तेथील सुईणींच्या कायद्यानें १९१० पासून असें ठरविलें कीं, प्रमाणपत्र नसलेल्या स्त्रीनें ‘नेहमीचा प्रघात म्हणून आणि प्राप्तीसाठीं’, डॉक्टरच्या देखरेखीवांचून, बाळंतपण करूं नये. अडचणीच्या प्रसंगीं मदत करणाऱ्यास मात्र ही बंदी नाहीं. या एका वाक्यांत तीन कसोट्या आहेत : प्रघात, प्राप्ति आणि प्रसंगाची निकड. पुढच्या शंभर वर्षांतील बहुतेक कायदे याच तीन शब्दांभोवतीं फिरतात. १९१९ च्या इंग्लंडांतील परिचारिकांच्या कायद्यानें निराळा मार्ग धरला. त्यानें काम राखून ठेवलें नाहीं. ‘नोंदलेली परिचारिका’ हें नांव राखून ठेवलें. काम राखणें आणि नांव राखणें हा भेद ज्याच्या लक्षांत आला, त्यास या विषयाची निम्मी वाट सरली असें समजावें.

मुंबई इलाख्यांत १९१२ चा वैद्यकाचा कायदा प्रथम झाला. त्यानें डॉक्टरांची नोंदवही उघडली, पण न नोंदलेल्या वैद्यास औषध देण्याची बंदी केली नाहीं. १९३५ सालीं परिचारिका, सुईणी व आरोग्यभेटी देणाऱ्या स्त्रिया यांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९३८ च्या कायद्यानें वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू केली. परीक्षा न दिलेल्या परंतु पूर्वीपासून धंदा करीत आलेल्या लोकांसाठीं निराळी यादी ठेवण्याची सोय त्यांत होती. अखिल भारतासाठीं परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ च्या अखेरीस आला. मुंबई राज्यांत १९५४ सालीं आधींच्या कायद्याची जागा नव्या कायद्यानें घेतली, आणि १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमानें पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा येथील निरनिराळे नियम एका छत्राखालीं आणले.

संग्राहकांस यांतून कालनिर्णयाचें एक साधन मिळतें. खानदेशांतील एखाद्या कागदांत ‘नोंदलेली नर्स’ असा शब्द १९३५ च्या पूर्वीं आढळल्यास तो सरकारी नोंदवहीचा वाचक समजूं नये. एखाद्या संस्थेच्या किंवा इस्पितळाच्या स्वतःच्या वहीचा असेल. तसेंच ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ असा शिक्का असलेला कागद १९०६ च्या विभागणीनंतरचा. आणि ‘नंदुरबार जिल्हा’ असें लिहिलेला १ जुलै १९९८ च्या आधींचा असणें शक्य नाहीं.

कायदे झाले, परंतु माणसें कोठें होतीं? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणें त्या वेळीं ब्रिटिश हिंदुस्थानांत सुमारें ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे ४३,००० लोकांमागें एक. शिकलेली सुईण ६०,००० लोकांमागें एक होती. या मानानें लाख-सव्वालाख वस्तीच्या तालुक्यास दोन-तीन परिचारिका आल्या असत्या. पण त्या शहरांच्या इस्पितळांत एकवटलेल्या असल्यामुळें साक्री-शिरपूरकडील खेड्यांच्या वांट्यास बहुधा शून्यच आलें. अशा स्थितींत बंदी घातली असती तर बाळंतिणीजवळ कोणीच उरलें नसतें. म्हणून समितीनेंही तात्पुरता उपाय म्हणून चालू सुईणींस शिकवून घेण्याचा सल्ला दिला. खेड्यांतील सुईणीकडे कायद्यानें कानाडोळा केला असें म्हणण्यापेक्षां कायद्यास तिची गरज होती असें म्हणणें यथार्थ होईल.

आतां मुख्य मुद्दा. परवान्यावांचून काय करतां येतें, याचें सर्वांत स्पष्ट उत्तर परिचारिकांच्या कायद्यांत नव्हे, तर १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमांत सांपडतें. त्याच्या ३३ व्या कलमानें न नोंदलेल्या व्यक्तीस वैद्यकीचा धंदा करण्याची बंदी केली आहे. परंतु धंदा कशास म्हणावें हें सांगतांना त्या कायद्यानें कांहीं लोक वगळले आहेत. जो स्वतःच्या प्राप्तीवांचून औषधोपचार करतो, किंवा घरगुती औषधें घरांत देतो, तो धंदा करीत नाहीं. नोंदलेली परिचारिका वा सुईण, तसेंच दाई, प्रसूतीच्या वेळीं हजर राहते, तीही वैद्यकीचा धंदा करीत नाहीं.

ही भाषा बारकाईनें वाचण्यासारखी आहे. सुईणीला मिळणारें लुगडें व धान्य ही ‘प्राप्ति’ कीं नव्हे, यावर वाद होऊं शकेल. कित्येक म्हणतील कीं तो मान आहे, मोबदला नव्हे. आम्हांस हें पटत नाहीं. जें मिळणार हें दोन्ही पक्षांस आधीं ठाऊक असतें आणि न मिळाल्यास गांवांत बोभाटा होतो, तें मोबदलाच. पण कायदा करणाऱ्यांनीं हा वाद उद्भवूं दिला नाहीं. दाईची सूट त्यांनीं ‘प्राप्तीवांचून’ या कलमांत न घालतां निराळी दिली आहे. म्हणजे लुगडें घेऊनही दाई प्रसूतीपुरती वैद्यकीच्या बंदीबाहेर राहते. ‘प्रसूतीपुरती’ हा शब्द येथें भारी आहे. त्याच बाईनें पुढें महिन्याभरानें मुलाच्या तापावर पैसे घेऊन मात्रा दिली, तर प्रसूतीची सूट तिच्या कामास येत नाहीं. घरगुती औषधाचीही येत नाहीं, कारण घर तिचें नव्हे व प्राप्ति तर आहे. उलट आजीनें नातवास तीच मात्रा उगाळून दिली तर कायदा तिच्याकडे पाहातही नाहीं. औषध एकच आहे. हात व हेतु निराळे. अर्थात् ही सूट डॉक्टरी धंद्याच्या बंदीपुरती आहे; दाईस परिचारिका म्हणवून घेण्याचा अधिकार तिनें दिलेला नाहीं.

यावरून बाडांतील पानाचा निकाल लागतो. १९१२ च्या पूर्वींच्या पानावरील उपचार करणारी स्त्री कोणत्याही नोंदणीच्या कायद्याबाहेर असूंच शकत नाहीं. कारण तसा कायदा या इलाख्यांत नव्हता. १९३५ नंतरच्या पानाच्या बाबतींत घरचा उपचार कीं पैसे घेऊन बाहेरच्यांस केलेला, हें पाहावें लागेल. पानाच्या समासांत रुपये-आण्यांचा आंकडा असला तर तो प्रथम वाचावा.

आजच्या घरांतला प्रश्न थोडा निराळा आहे. अंथरुणास खिळलेल्या वडिलांची कूस बदलणें, त्यांस न्हाऊं घालणें, भरवणें, वेळेवर गोळी हातीं देणें हें मुलगा, सून किंवा शेजारीण करते. त्यास कोणत्याही काळीं परवाना लागलेला नाहीं. हल्लीं जळगांव-धुळ्यासारख्या शहरांत या कामास पगारी बाई किंवा पुरुष ठेवतात. पगार घेतल्यानें अंग पुसणें हें परिचारिकेचें काम होत नाहीं, असें आमचें मत आहे. कारण कायद्यानें राखलेली वस्तु शिक्षणानें येणारें कौशल्य व तें दर्शविणारें नांव ही होय. परंतु तीच व्यक्ति ‘नर्स’ म्हणवून घेऊं लागली, शिरेंतून औषध देऊं लागली, नळी घालूं लागली, कीं ती सीमा ओलांडते. डॉक्टरनें फोनवरून ‘द्या’ म्हटल्यानें न शिकलेला हात शिकलेला होत नाहीं. २०२३ सालीं संसदेनें परिचर्या व प्रसूतिविद्या यांसाठीं राष्ट्रीय आयोगाचा कायदा १९४७ च्या कायद्याच्या जागीं संमत केला. त्यांत तर केवळ नांव नव्हे, कामही नोंदलेल्यांकडेच राखण्याकडे कल स्पष्ट आहे.

निकडीचा प्रसंग मात्र सर्व कायद्यांनीं मोकळा ठेवला आहे. सद्भावनेनें, दुसऱ्याच्या भल्यासाठीं केलेल्या कृत्यास १८६० च्या दंडसंहितेंत संरक्षण होतें, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतही तें आहे. निष्काळजीपणास संरक्षण पूर्वीं नव्हतें व आतांही नाहीं. याज्ञवल्क्याचा दंड या वाटेनें अद्याप जिवंत आहे म्हणावयाचें.

साथीच्या काळीं तर ही मोकळीक म्हणजेच सर्व व्यवस्था होती. १८९७ च्या प्लेगांत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करतां करतां १० मार्च रोजीं निवर्तल्या. त्यांच्याजवळ परिचारिकेचा दाखला नव्हता, आणि दाखला देणारा कायदाही इलाख्यांत नव्हता. अमळनेरास १९२४ ते १९३० या काळांत शिक्षक असलेले साने गुरुजी वसतिगृहांतील आजारी मुलांची सेवा स्वतः करीत, ती याच सदरांत येते. प्राप्ति नाहीं, धंदा नाहीं, नांव मिरविणें नाहीं.

अलीकडच्या काळांतील एक उदाहरण या वादास सर्वस्वी निराळें वळण देतें. गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें ३९ गांवांत गांवच्याच स्त्रियांस नवजात मुलांच्या शुश्रूषेचें शिक्षण दिलें. वजन घेणें, ऊब देणें, श्वास कोंडल्यास उपाय करणें, आणि जंतुदोष दिसल्यास प्रतिजैविकाचें इंजेक्शनसुद्धां. या स्त्रिया नोंदलेल्या परिचारिका नव्हत्या. तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण हजारीं ६२ वरून तिसऱ्या वर्षीं सुमारें २५ वर आलें. १९९९ सालीं हें ‘लॅन्सेट’ मध्यें प्रसिद्ध झालें. देशभर २००५ पासून आलेल्या ‘आशा’ कार्यकर्तींच्या गृहभेटींत या प्रयोगाचा अंश आहे. वर इंजेक्शनाविषयीं आम्हीं जें लिहिलें त्यास हें बाधक नाहीं काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें नाहीं. त्या स्त्रियांस नेमकें एक काम शिकविलें होतें, ठरलेलीं लक्षणें पाहून तें करावयाचें होतें, आणि त्यांच्या प्रत्येक कृतीची नोंद तपासली जात होती. दाखला नव्हता, देखरेख होती. पगारी माणसाच्या हातीं सुई देऊन घरचे लोक कामावर जातात, तेथें दोन्ही नसतात.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ व समर्थ वाग्देवता मंदिर यांसारखीं हस्तलिखितांचीं घरें आहेत. पोथ्या व सनदा तेथें पोंचतात. सुईणीचा कागद पोंचत नाहीं, कारण तो कागद आहे असें कोणास वाटत नाहीं. लोकल बोर्डाच्या काळांतील दाईंच्या शिक्षणाचे दाखले, दाईस दिलेल्या पेटीची पावती, इस्पितळांतील प्रसूतींच्या वह्या, हिशेबाच्या चोपड्यांत ‘सुईणीस लुगडें’ अशी एक ओळ, हें सर्व जपून ठेवण्याजोगें आहे. वह्यांतील रोग्यांचीं नांवें मात्र प्रसिद्ध करूं नयेत. तीं माणसें किंवा त्यांचीं मुलें हयात असतात. जेथें कागद नाहीं तेथें वृद्ध सुईणींच्या तोंडून अहिराणींत व भिलीबोलींत माहिती उतरून घ्यावी, आणि उपचारांचीं नांवें त्यांच्याच उच्चाराप्रमाणें लिहावींत. त्यांच्या जागीं निघंटूंतील संस्कृत शब्द घातल्यास वनस्पति कोणती हें पुढें ओळखतां येत नाहीं. सूचींत अशा सामग्रीस ‘किरकोळ’ या सदरांत न टाकतां ‘सूतिकोपचार’ असें स्वतंत्र सदर करावें, व सांगणारीची संमति असल्यास तिचें नांव पहिल्या रकान्यांत घालावें.